आप्पांना पोचवायला

११ फेब्रुवारी

लेकीने विमानतळावर ही वही हातात दिली. म्हणाली, आई, जमेल तसं लिहीत जा, नाहीतर सगळं मला फोनवर सांगत बसशील. तिला हॉस्टेलमध्ये अभ्यास असतो म्हणे. तेव्हा आता वहीचंच डोकं खायचं.

पोचलो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये दोनच माणसं मावतात, म्हणून आप्पा आणि मी आधी वर आलो आणि नवरा बॅगांबरोबर मागून. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, पुढे गॅलरी. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, खिडक्यांना लाकडी झडपा. नवऱ्याने आल्या आल्या सगळ्या झडपा उघडल्या. ऊन थेट डोळ्यांत आलं. "बघ," तो म्हणाला, जणू त्यानेच ते ऑर्डर देऊन मागवलं होतं. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची निळी चिंधी दिसते, तीही दाखवली. मला हसू आलं. उन्हासाठी परदेशात जाणारी माणसं वेगळी. आमच्याकडे ऊन काय कमी होतं?

आम्ही आलो नवऱ्याच्या नोकरीसाठी. तिकडचा टाइल्सचा कारखाना विकला गेला, बऱ्याच जणांना घरी बसवलं, त्यात हाही. मग नव्या मालकाला कोणीतरी सांगितलं की भट्टी कळणारा एक माणूस तिथे आहे, आणि त्यांनी त्याला इकडच्या कारखान्यात बोलावलं. दोन वर्षांसाठी. लेक कॉलेजला गेलेली, तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. मी एकोणीस वर्षं एकाच लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझी जागा धरून ठेवते. असं कोणी धरून ठेवत नसतं, पण म्हणाल्या ते बरं वाटलं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून झाली. त्यांना मागे ठेवायची सोय नव्हती, नणंदेच्या घरात तिचीच सासू अंथरुणाला खिळलेली. "ठेवताय कुठे, मी काय लोणच्याची बरणी आहे? चला," म्हणाले आणि निघाले. विमानात त्यांनी हवाई सुंदरीला मराठीत सांगितलं, बाळ, चहा आण, साखर कमी. तिने आणला. मी मान खाली घालून बसले होते.

१९ फेब्रुवारी

भाषेचा वर्ग सुरू झाला. घरी बसून कॉम्प्युटरवर. बाई चांगल्या आहेत. इथल्या भाषेत टेबल पुरुष आहे आणि खुर्ची बाई. पाठ करायचं. मला पाठ करायला आवडतं. पहिल्या चाचणीत सगळी उत्तरं बरोबर आली.

नवरा सकाळी सातला जातो तो संध्याकाळी उन्हाने लाल होऊन येतो. भट्टीजवळ उभा असतो की उन्हात, कळत नाही. पण खूश आहे. जेवताना एकटाच बोलतो.

आप्पांना सांगितलं आहे, समोरच्या चौकापलीकडे जायचं नाही आणि कोणाशी उगाच बोलायचं नाही. मान डोलावली.

३ मार्च

आप्पा सकाळी निघाले ते जेवायच्या वेळेला आले. मी दोनदा गॅलरीतून वाकून बघितलं. तळमजल्यावर कपडे अल्टर करून देणाऱ्या बाईचं दुकान आहे, तिथे बसले होते म्हणे. पँटची चेन दुरुस्त करून आणली.

मी विचारलं, तिला कोणत्या भाषेत सांगितलंत?

"मराठीत. दुसरी येते कुठे?"

"आणि तिला कळलं?"

"चेन तुटलेली आहे हे कुठल्याही भाषेत दिसतं, सूनबाई."

त्यांनी तिचं नाव मास्तरीण ठेवलंय. टेलर मास्तरची मास्तरीण. मी म्हटलं, आप्पा, लोकांना त्रास होतो, कोणी बोलून दाखवत नाही. तर म्हणाले, बोलून दाखवलं तरी मला कुठे कळणार आहे.

२२ मार्च

भाजीच्या दुकानात गेले होते. घरून पूर्ण वाक्य तयार करून नेलं होतं, लिंगवचनासकट. दुकानदाराने ते ऐकून घेतलं आणि उलट काहीतरी विचारलं. हे वाक्य माझ्या पुस्तकात नव्हतं. मागे रांग. मी बोटाने दाखवून टोमॅटो घेतले आणि घरी येऊन बघते तर कच्चे, दगडासारखे. बहुतेक तो तेच विचारत होता, आज हवेत की चार दिवसांनी.

आता सामान फोनवरून मागवते. माणूस पिशव्या दाराशी ठेवून, बेल वाजवून जातो. फार सोय आहे.

८ एप्रिल

इथल्या दवाखान्यांत काम मिळेल का, याची चौकशी नवऱ्याने करवली. वरच्या दर्जाची भाषेची परीक्षा, मग वर्षभराचा कोर्स, मग अर्ज. मला हरकत नाही. तशीही घाई कुणाला आहे.

आप्पांचं मात्र काही खरं दिसत नाही. चेहरा उतरल्यासारखा वाटतो. या वयात माणसाला मुळापासून उपटायला नको होतं. जेवताना विचारलं, आप्पा, घरची आठवण येते का? "कुठल्या घरची?" म्हणाले आणि भात मागितला. दोनदा. मन मारून खातात असं मला वाटतं.

मी हल्ली रात्री जेवत नाही. उन्हाने भूक मरते.

१४ मे

आज मलाच खाली जाऊन आप्पांना आणावं लागलं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीभर टांगलेले लोकांचे कपडे. आप्पा खुर्चीत बसून जुन्या परकराची शिवण उसवत होते. चष्मा नाकावर, मांडीवर दोऱ्यांचा ढीग. बाई मशीनवर. ती तिच्या भाषेत बोलत होती, हे मराठीत. माझ्या माहितीप्रमाणे ती पोराच्या शाळेबद्दल सांगत होती आणि आप्पा तिला सांगत होते की घाटात बस बंद पडली तेव्हा त्यांनी बाळंतीण बाईला ट्रकमध्ये कसं बसवून दिलं. दोघंही मधूनमधून मान हलवत होती.

मला बघून बाई उठली, माझ्या दंडाला हात लावून काहीतरी म्हणाली. मी हसले. हल्ली मी सगळ्याला हसते.

जिन्यात आप्पा म्हणाले, "ती म्हणाली, तू फार वाळलीस."

"तुम्हाला कशावरून कळलं?"

"तुझा दंड धरला आणि करंगळी दाखवली. अजून काय सांगायचं?"

लोक काहीही बोलतात. मी आप्पांना सांगितलं, रोज रोज दुसऱ्याच्या दुकानात बसणं बरं दिसत नाही. त्यांनी मान डोलावली. दुपारी परत गेले.

२ जून

मी दिवसभर झडपा लावून ठेवते. नवरा आल्यावर उघडतो, मी सकाळी परत लावते. यावरून आमच्यात बोलणं झालेलं नाही, नुसती उघडझाप चालते.

भाषेच्या बाईंनी मला पुढच्या वर्गात टाकलं. म्हणाल्या, तुमचं व्याकरण पक्कं आहे, आता जरा बोलायला लागा. मी म्हटलं, सासऱ्यांमुळे घराबाहेर पडता येत नाही. हे मी त्यांच्या भाषेत म्हटलं आणि एकही चूक झाली नाही.

आप्पा तेव्हा खाली होते.

१६ जून

नणंदेला फोन केला. तिच्या सासूबाई आता धाकट्या दिरांकडे असतात, एक खोली मोकळी आहे. मी विषय काढला. म्हटलं ताई, आप्पांचं इथे मन लागत नाही, ते बोलत नाहीत पण मला दिसतं. ताई म्हणाल्या, अगं, माझ्याशी फोनवर तर चांगले तासभर हसतात, कुणा मास्तरणीचं सांगत असतात. मी म्हटलं, लांबून कळत नाही. चोवीस तास जवळ असणाऱ्याला कळतं.

ताई म्हणाल्या, मग आण बाई, माझे वडीलच आहेत, मी नाही कशी म्हणेन.

नवऱ्याला सांगितलं. तो जेवायचा थांबला. आप्पांना विचारलंस? म्हणाला. मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, ते आपल्यासाठी नाहीच म्हणतील. मी त्यांना घेऊन जाते, तीन आठवडे राहते, त्यांचं बस्तान बसवते आणि येते. आणि आपलंही आता दीड-पावणेदोन वर्षंच राहिलंय, हो ना? तो "बघू" म्हणाला. हल्ली त्याचं सगळं बघू असतं.

सप्टेंबरची दोन तिकिटं काढली. मोकळं वाटलं. आज मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० जून

आप्पांना सांगितलं. म्हटलं, सप्टेंबरात मी तुम्हाला पोचवायला येणार आहे.

"पोचवायला? इतक्यात? मला वाटलं अजून चार वर्षं काढीन."

मी म्हटलं, ताईंकडे. ते हसले, पण त्यांच्या त्या विनोदानंतर नेहमी दुसरा येतो तसा आला नाही. गॅलरीत जाऊन उभे राहिले. आनंद झाला असावा, दाखवत नाहीत.

११ जुलै

मोठी बॅग काढून पलंगाखाली उघडी ठेवली आहे, आठवेल तसं टाकायला. आयत्या वेळी काहीतरी राहतंच.

आप्पांचे दोन शर्ट टाकले, शाल टाकली. माझ्या साड्या टाकल्या, इथे नेसायला प्रसंग येत नाही, उगाच कपाट अडतं. लॅबमध्ये घालायचे मऊ बूट टाकले. तिकडे पावसात बरे पडतील.

१९ जुलै

माझी सर्टिफिकेटं बॅगेत ठेवली. इथे ओल लागून खराब व्हायची. ओल नाही म्हणा इथे, पण ऊनही वाईटच.

आईने दिलेला तांब्याही ठेवला.

२४ जुलै

नवऱ्याने पलंगाखालची बॅग पाहिली. उकिडवा बसला, बराच वेळ काही हलवलं नाही. मग म्हणाला, "तीन आठवड्यांसाठी एवढं?"

मी म्हटलं, तीस किलो फुकट नेता येतं तर रिकामी कशाला न्यायची. त्याने बॅग हलकेच आत ढकलली, एखादं झोपलेलं मूल सरकवावं तशी. हा माणूस भट्टीसमोर उभा राहून राहून हळवा झाला आहे.

२ ऑगस्ट

लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.

रविवार. संध्याकाळी तिघं समुद्रावर फिरायला गेलो होतो. किती महिन्यांनी मी तिथवर गेले. ऊन उतरलं होतं, दगडी कठड्यावर माणसं बसली होती. तिथे नवऱ्याचा साहेब बायकोबरोबर भेटला. मोठा, टकला, हसरा माणूस. त्याने माझा हात हातात घेतला आणि मी परकी आहे म्हणून प्रत्येक शब्द सुटा सुटा करून म्हणाला, तुम्ही अजून दोन वर्षं राहणार, आम्हाला फार आनंद झाला.

वर्गाबाहेर या भाषेतलं कोणाच्या तोंडचं पूर्ण वाक्य मला पहिल्यांदा कळलं. एकही शब्द सुटला नाही. 'अजून' कळलं, 'दोन' कळलं, भविष्यकाळही कळला.

मी धन्यवाद म्हटलं. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

 घरी आल्यावर तो म्हणाला, सांगणारच होतो. मी विचारलं, कधी? "तू आप्पांना सोडून परत आलीस की." मी म्हटलं, सही कधी केलीस? एप्रिलमध्ये, म्हणाला. म्हणजे मी टोमॅटोची वाक्यं पाठ करणं सोडलं तेव्हा.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले. बघू म्हणाले असते."

मग तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि जे बोलला ते मी लिहून ठेवते, कारण इतकं सलग तो लग्नाआधीही बोलला नव्हता. म्हणाला, तिकडे शेवटच्या वर्षात मला कोणी काही विचारत नव्हतं. मीटिंगला बोलवायचे आणि भिंतीकडे बघून बोलायचे. इथे भट्टीतून वाकडी टाइल आली की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मला यांचं निम्मं बोलणं कळत नाही, तरी बघतात. मला ते सोडवलं नाही.

मला राग यायला हवा होता. आलाही. पण तो भिंतीकडे बघून बोलण्याचा भाग ऐकताना जरा कमी झाला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

९ ऑगस्ट

आमच्यात कामापुरतं बोलणं. आप्पा दोघांशी हवामानावर बोलतात. हवामान रोज तेच.

२१ ऑगस्ट

आज आप्पांनी बॅगेतून आपले दोन शर्ट आणि शाल काढली. मी अंघोळीहून आले तर शर्ट हँगरवर लावत होते. मी म्हटलं, आप्पा, राहू दे तिथे, मी सगळं नीट बसवलंय.

"मी येत नाही," म्हणाले.

मी समजावलं. ताई वाट बघतायत, खोली रंगवून घेतली आहे, तिकडे तुमची माणसं आहेत, तुमची भाषा आहे, दुखलं खुपलं तर सांगता येईल. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. ते शर्टाची बटणं लावत होते. सगळी लावून झाल्यावर म्हणाले,

"तुला जायचंय तर तू जा. माझं नाव कशाला लावतेस?"

आवाज चढवला नाही. म्हातारपणात हट्टीपणा येतो हे मला माहीत होतं, पण इतका खुनशीपणा अपेक्षित नव्हता. ज्यांच्यासाठी महिनाभर फोन केले, ज्यांच्यासाठी स्वतःला घरात डांबून घेतलं, ते असं बोलतात.  खोलीत जाऊन दार लावलं.

२२ ऑगस्ट

आज कोणाशीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. कोणी बोलायलाही आलं नाही.

२३ ऑगस्ट

बॅग परत लावावी म्हणून सगळं बाहेर काढलं. साड्या, सर्टिफिकेटं, लॅबचे बूट, तांब्या, लोकरीचा स्वेटर, घरच्या किल्ल्या, लेकीचा लहानपणचा फोटो, माझी औषधं. चार महिन्यांची औषधं.

आप्पांचं त्यात एवढंसं होतं, आणि ते त्यांनी आधीच काढलेलं. तरी बॅग तेवढीच भरलेली होती. बंद होत नव्हती.

मी जमिनीवर बसून राहिले. आप्पा दारातून बघून गेले. मग चहा करून आणला, कपबशी बॅगेच्या कडेला ठेवली. चहात साखर विसरले होते. मी तसाच प्यायले.

म्हटलं, आप्पा, खरंच तुम्हाला इथे बरं वाटतं?

ते पलंगावर बसले. म्हणाले, "अगं, मी तीस वर्षं उभ्याने नोकरी केली. रोज नवी माणसं, कोण कुठलं काही माहीत नाही. बोलायचं, तिकीट द्यायचं, उतरवायचं. मला हे नवीन नाही. तुझं तसं नाही. तू एकेकाचा हात हातात घेऊन काम करणारी. तुला समोरच्याने हूं म्हटलेलं कळायला लागतं."

रिकामी कपबशी उचलत म्हणाले, "आणि तू गेलीस तर मला करमणार नाही, ते वेगळं. पण ते कारण झालं नाही."

२४ ऑगस्ट

नवरा बूट काढत होता, तेव्हाच सांगितलं. पाणी द्यायच्या आधी. नाहीतर राहून गेलं असतं.

"जायचंय ते मला. आप्पांना नाही."

त्याच्या हातात एक बूट होता. तो खाली ठेवायला त्याला वेळ लागला. "किती दिवसांसाठी?"

"माहीत नाही."

मला वाटलं तो भांडेल, किंवा चार वर्षांचा हिशेब मांडेल. तो म्हणाला, बॅग बघितली तेव्हाच मला वाटलं होतं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, विचारलं तर तू खरं सांगशील अशी भीती वाटली.

म्हणजे हा एप्रिलपासून गप्प आणि मी जूनपासून. दोघं एकाच टेबलावर जेवत होतो.

नंतर आम्ही गॅलरीत बसलो. झडपा उघड्या होत्या. त्याने विचारलं, तुला इथे नक्की काय नको होतं, ऊन, घर, मी? मी विचार करून सांगितलं, की मला इथे कोणाच्याच उपयोगी पडता येत नाही, आणि व्याकरण बरोबर येऊन काही होत नाही. तिकडे माणूस खुर्चीत बसला की मी त्याला इकडचं तिकडचं विचारते, तो उत्तर देईपर्यंत सुई आत गेलेली असते. त्याला कळतही नाही. मी चांगली होते त्या कामात.

"माहितीये," तो म्हणाला. "एकदा माझं काढलं होतंस."

२ सप्टेंबर

आप्पांचं तिकीट रद्द केलं. माझं परतीचं मोकळं ठेवलं, तारीख न घालता. नणंद फोनवर रडली. खोली रंगवली होती बिचारीने. आप्पांनी तिला सांगितलं, त्या खोलीत तू झोप, नवरा घोरतो ना.

डॉक्टरीणबाईंशी बोलले. जागा खरोखर धरून ठेवलेली नव्हती. पण एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहे, तेवढ्यापुरती ये म्हणाल्या.

नवरा भात शिकतोय. पहिल्या दिवशी खळ, दुसऱ्या दिवशी छर्रे. आप्पा दोन्ही खाऊन म्हणाले, भट्टीवाल्याला चांगली आच कळते म्हणून पगार देतात, आश्चर्य आहे.

९ सप्टेंबर

मास्तरणीकडे गेले होते, आप्पांबरोबर. दोन ब्लाउज सैल होत होते ते आत घ्यायचे होते. मी तिला सांगितलं की मी जाणार आहे आणि सासरे इथे राहणार आहेत, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. वाक्यात दोन चुका झाल्या, तेव्हाच कळलं, पण मागे फिरून दुरुस्त केल्या नाहीत. तिने ऐकून घेतलं, मग आप्पांकडे बोट करून लांबलचक काहीतरी बोलली. मला त्यातलं एवढंच कळलं की तेच तिच्यावर लक्ष ठेवतात. तिचा नवरा गेल्या हिवाळ्यात वारला, हे मला आज समजलं. आप्पांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "काळे कपडे घालते, दुकानात कधी गाणं लावत नाही. विचारायचं काय त्यात."

सात महिने मी तिच्या डोक्यावर राहत होते.

१२ सप्टेंबर

विमानतळ. दोघं सोडायला आले. तिथल्या मुलीने बॅग वजनकाट्यावर ठेवली आणि काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. मागून आप्पा मराठीत म्हणाले, बाळ, हिला खिडकीची जागा दे, रडायला बरं पडतं. तिने खिडकीचीच दिली. आधीच ठरलेली असणार.

नवरा म्हणाला, पोचल्यावर फोन कर. मी हो म्हटलं. त्याला आणखी काही म्हणायचं होतं, मलाही. मागे रांग होती.

आत जाताना वळून बघितलं. मला वाटत होतं नवरा आप्पांना हाताला धरून नेत असेल. आप्पाच त्याला कोपराला धरून दाराकडे चालवत होते, बसमध्ये मधेच उभ्या राहिलेल्या माणसाला पुढे सरकवतात तसे.

खिडकीतून समुद्र सगळाच्या सगळा दिसला. एवढा होता तर.

१५ सप्टेंबर

बहिणीकडे उतरले आहे. आमच्या घरात भाडेकरू आहेत. पहिल्या सकाळी जाग आली ती आवाजाने, खाली पाण्यावरून दोन बायका भांडत होत्या. मी पडल्या पडल्या सगळं ऐकलं. कोणाची बादली, कोणाचा नंबर, कोणाच्या सुनेने काय म्हटलं. एकूण एक शब्द कळत होता. इतकं सुख झालं की उठावंसं वाटेना. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागलं. सगळंच कळत राहतं, बंद करता येत नाही.

लेक येऊन भेटून गेली. म्हणाली, आई, तू आता भांडून आलीस की राहायला आलीस? मी म्हटलं, कामाला आले. ती म्हणाली, बरं. दोन दिवसांची धुण्याची पिशवी ठेवून गेली.

१९ सप्टेंबर

लॅबमध्ये दुसरा दिवस. पहिल्या दिवशी एकाला दोनदा टोचावं लागलं, आज कोणालाच नाही. एका आजोबांची शीर सापडत नव्हती, त्यांना विचारलं, जेवायला काय आवडतं. ते सांगत बसले. झालं.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. भात आता जमतो म्हणाला. आप्पा बरे आहेत, मास्तरणीच्या पोराला बोटावर मोजायला शिकवतायत, मराठीत. कारखान्यात एक अख्खी खेप वाकडी आली, दोन दिवस झोप नाही. मग म्हणाला, घर मोठं वाटतं.

मी म्हटलं, आप्पांना भात मोठ्या कुकरात लाव, छोट्यातला पुरत नाही. आणि कपडे वाळत घालताना उलटे घालत जा, तिथलं ऊन रंग खातं. नाहीतर मी येईपर्यंत त्यांच्या निळ्या शर्टाचं फडकं होईल.

पलीकडून आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग मी काय बोलून गेले ते माझ्या लक्षात आलं. तो आता विचारेल, कधी, म्हणून मी उत्तर शोधायला लागले.

त्याने विचारलं नाही.

"उलटे घालतो," म्हणाला.